जकार्डची कार्डं आणि आठवीचं गणित

सोलापुरात एखादं पोरगं हुशार निघालं की आजूबाजूचे सगळे एकच विचारतात, मग पुण्याला कधी पाठवताय? दहावीचा निकाल लागला की विचारतात, बारावीला विचारतात, डिप्लोमा नाहीतर इंजिनिअरिंग इथेच झालं तरी शेवटच्या वर्षाला विचारतातच. आईवडलांना पण त्यात काही वावगं वाटत नाही. माझ्या बरोबरच्या कितीतरी मुली आज हडपसर, वाकड, चिंचवडला राहतात, दिवाळीला आणि गड्ड्याच्या जत्रेला येतात, शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून घेऊन परत जातात. त्यांचं चांगलं चाललंय आणि मला त्याचा खरंच आनंद आहे, कारण त्यांच्या घरची परिस्थिती मी बघितलेली आहे. मी पण शिकून तिकडेच गेले होते.

आता परत येऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट चालवते, आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाही. शिक्षणाने प्रगती होते, अर्थव्यवस्था वाढते, संधी मिळते हे आपण ऐकत आलोय आणि ते खरंच आहे, पण वाढते ती कुणाची अर्थव्यवस्था? माझी आई विड्या वळायची. तिच्या मजुरीतून माझ्या वह्या आल्या, शाळा महापालिकेची म्हणजे सोलापूरकरांच्या पैशातून चाललेली, कॉलेजही इथलंच, आणि शिकून झाल्यावर माझं पहिलं घरभाडं, पहिला फ्रिज, पहिली स्कूटी हा सगळा खर्च पुण्यात झाला. पोर वाढवायचं, शिकवायचं ते गरीब शहराने आणि ते कमावतं झालं की ठेवून घ्यायचं ते श्रीमंत शहराने, हा व्यवहार एकेका घरासाठी फायद्याचा आहे पण गावासाठी तोट्याचा आहे, आणि आपण गावाचा हिशोब कधी मांडतच नाही.

आकडे बघायला गेलं तर शिक्षणाच्या बाजूने भरपूर आहेत. जगभरातल्या देशांचा अभ्यास करून जी सरासरी निघते ती अशी की शाळेचं एक वर्ष वाढलं की माणसाची कमाई साधारण ९ ते १० टक्क्यांनी वाढते. इंडोनेशियाचं उदाहरण तर मला फार आवडतं. तिथल्या सरकारने १९७० च्या दशकात तेलाच्या पैशातून पाचसहा वर्षांत ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या, आणि पुढे एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञ बाईंनी, ज्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, त्या मुलांचे मोठेपणीचे पगार तपासले तर ज्या जिल्ह्यांत शाळा जास्त झाल्या होत्या तिथली मुलं जास्त शिकलेली आणि जास्त कमावणारी निघाली. म्हणजे शाळा बांधणं हा खर्च नाही, गुंतवणूक आहे, हे नुसतं भाषणातलं वाक्य नाही, ते मोजून झालेलं आहे.

पण त्याच विषयातले दुसरे अभ्यास असं सांगतात की देशाची वाढ मुलं किती वर्षं वर्गात बसली यापेक्षा त्यांना खरंच काय येतं यावर जास्त अवलंबून असते. आणि तिथे आपली गाडी अडते. असर नावाचा ग्रामीण भारताचा सर्व्हे आहे, घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देतात. २०२२ मध्ये सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त १६.३ टक्के मुलांना दुसरीचा धडा वाचता येत होता, २०२४ मध्ये ते २३.४ टक्के झालं. वाढ झाली आणि ती चांगलीच गोष्ट आहे, पण म्हणजे चारातल्या तीन मुलांना अजून येत नाही की! आणि तिसरीत ज्याला वाचता आलं नाही त्याच्यासाठी पाचवीचं परिसर अभ्यास, सातवीचं विज्ञान, आठवीचं गणित हे सगळं नुसतं ऐकून घ्यायचं असतं. तो शाळेत येतो, खिचडी खातो, पास होतो, आणि दहावी करून माझ्या युनिटच्या दारात हेल्परच्या कामासाठी उभा राहतो.

सोलापुरात इमारतींची कमतरता आहे असं कुणी म्हणू शकत नाही. दयानंद, संगमेश्वर ही जुनी कॉलेजं आहेत, मेडिकल कॉलेज आहे, वालचंदचं इंजिनिअरिंग १९८३ पासून आहे, आणि २००४ पासून तर एका जिल्ह्यासाठी अख्खं विद्यापीठ आहे. शिक्षण आहे, कामधंदा पण आहे, पण या दोघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे.

जकार्डचंच घ्या. सोलापुरी चादर सगळ्यांना माहिती आहे, तिला जीआय, म्हणजे ती मूळची इथलीच असं सांगणारी सरकारी नोंद, मिळालेलं आहे, पण ती चादर विणली कशी जाते हे आमच्या पूर्वभागातल्या, म्हणजे अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठ इकडच्या पोरांना लहानपणापासून दिसतं आणि तरी कुणी समजावून सांगत नाही. मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं असतं. त्यात पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्याने एकाला एक ओवून लांब साखळीसारखी फिरत असतात आणि प्रत्येक कार्डात भोकं पाडलेली असतात. एक कार्ड म्हणजे धोट्याची एक फेरी. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, हुक उचलला जातो, ताण्याचा, म्हणजे उभा, तो धागा वर येतो, जिथे भोक नाही तिथे धागा खालीच राहतो. बस्स. मोर असो, कमळ असो, नाहीतर कुणाच्या दुकानाचं नाव असो, सगळं या भोक आहे आणि भोक नाही एवढ्यातून तयार होतं, आणि चादर उलटी केली की तेच डिझाइन रंगांची अदलाबदल होऊन दिसतं. आधी डिझायनर ग्राफ पेपरवर चौकोन रंगवून डिझाइन काढतो, मग कार्ड पंचिंगवाला त्या चौकोनांची भोकं करतो.

फ्रान्समधल्या ल्योन शहरात जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमाराला हे यंत्र पूर्ण केलं. पुढे तीसएक वर्षांनी इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने जेव्हा हिशोब करणाऱ्या मोठ्या यंत्राची कल्पना मांडली तेव्हा त्याला सूचना देण्यासाठी त्याने हीच कार्डांची युक्ती उचलली, आणि १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत भोकं पाडलेल्या कार्डांवरच माणसं मोजली गेली. अगदी १९७० च्या दशकापर्यंत कॉम्प्युटरचे प्रोग्राम कार्डांवर पंच करून द्यायचे. आज आपण शून्य आणि एक म्हणतो ना, ते आमच्या गल्लीत पुठ्ठ्यावर रोज खडखडत होतं! आणि त्याच गल्लीतली पोरं आठवीत कॉम्प्युटरच्या तासाला कॉम्प्युटरचे भाग पाठ करत होती, सीपीयू, मॉनिटर, माउस. त्यांना कुणी मागाजवळ नेऊन सांगितलं नाही की बाळा, तुझे वडील रोज प्रोग्राम चालवतात.

मला याचा राग येतो, आणि तो कुणा एका शिक्षकावर नाहीये. शिक्षकाला चाळीसेक पोरं, खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीची कामं, हे सगळं असतंच. राग येतो तो या गोष्टीचा की आपण शाळा म्हणजे गावच्या कामापासून सुटका असं धरून चाललोय. माग वाईट, विडी वाईट, शिवणकाम वाईट, म्हणून शिक. पालक असं का म्हणतात ते मला पूर्ण कळतं. विड्या वळून आईच्या बोटांना काय झालं होतं आणि कंपनीच्या ब्रँचमध्ये विड्या निवडताना छाट काढून, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकून, मजुरी कापली की तिचा चेहरा कसा व्हायचा हे बघितल्यावर मी कुठल्याही मुलीला विडीकडे परत जा म्हणणार नाही, कधीच नाही. पण कामातले कष्ट आणि अन्याय वेगळे, आणि त्या कामातलं ज्ञान वेगळं. आपण दोन्ही एकत्र बांधून फेकून दिलं.

माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ ला सुरू झाली आणि भोंग्यावर हे शहर कितीतरी वर्षं उठलं, झोपलं. वडील मशीनच्या आवाजावरून सांगायचे कुठे बिघाड आहे, पण शिक्षण चौथी. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला कागदच नव्हता, त्यामुळे इतक्या वर्षांचं शिकलेलं सगळं शून्य धरलं गेलं आणि ते एका यंत्रमागाच्या कारखान्यात रोजंदारीवर लागले. आता सरकारी कौशल्य योजनांमध्ये आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देण्याची सोय आहे. चांगली सोय आहे, पण आमच्या भागात कितीजणांना माहिती आहे? मी विचारते तेव्हा लोक म्हणतात, ताई, या वयात परीक्षा कशाला की.

आता माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देते, जरा सविस्तर, कारण सगळा विषय मला याच्यातूनच कळला. युनिफॉर्मच्या कामात नफा शिवणकामात नसतो, कापडाच्या ॲव्हरेजमध्ये असतो. एका शर्टाला किती कापड लागतं ते ॲव्हरेज. समजा ५८ इंच पन्ना, म्हणजे रुंदी, असलेल्या कापडात एका शर्टाचं ॲव्हरेज १.३५ मीटर आहे आणि ८०० शर्टांची ऑर्डर आहे. आपण त्या हिशोबाने कापड मागवलं आणि मिलकडून आलेल्या लॉटचा पन्ना निघाला ५६ इंच. दोनच इंच कमी, डोळ्याला कळत पण नाही. पण पन्ना कमी झाला की लांबी वाढते, ॲव्हरेज जवळजवळ १.४० वर जातं, म्हणजे ८०० शर्टांना ४० मीटरच्या आसपास कापड जास्त. १५० रुपये मीटर धरलं तर ६ हजार रुपये गेले, आणि शाळेच्या ऑर्डरमध्ये एका शर्टामागे सुटतात किती ते ज्यांना माहिती आहे त्यांना कळेल ६ हजार म्हणजे काय. वर आणि शेवटचे पंचवीसतीस शर्ट कापडाविना अडकतात आणि त्याच शेडचं कापड परत मिळत नाही.

हे गणित कुठलं आहे? आठवीच्या पुस्तकात चलन नावाचं प्रकरण आहे, त्यातलं व्यस्त चलन. इतके मजूर इतक्या दिवसांत काम करतात तर इतके मजूर किती दिवसांत करतील, तेच. माझ्याकडे बारावी झालेली एक मुलगी कटिंग टेबलवर मदतीला होती, तिला मी मजुरांचं गणित घातलं तर तिने पटकन सोडवलं, सूत्रासकट. पण पन्ना कमी झालाय आता कापड किती लागेल म्हटल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली, कारण हे गणित आहे असं तिला बारा वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच टेबलवर आमचे कटिंग मास्तर, शिक्षण सातवी, त्यांनी टेप लावला, दोन सेकंद डोळे मिटले आणि म्हणाले, चाळीस मीटर अजून मागवा. त्यांना उत्तर येत होतं पण ते कसं आलं हे लिहून दाखवता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना कॉम्प्युटरवर मार्कर, म्हणजे कापडावर शर्टाचे तुकडे कसे मांडायचे तो आराखडा, बसवायला शिकवायला गेलो की ते मागे सरकायचे.

एकाकडे रीत होती, दुसऱ्याकडे उत्तर होतं. दोघांना शेजारी बसवलं. मी फार काही केलं नाही, रोज संध्याकाळी काम संपल्यावर तासभर टेबल मोकळं ठेवलं आणि त्या तासाचे पैसे दोघांनाही दिले. मुलगी मास्तरांकडून ग्रेडिंग शिकली, म्हणजे २४ नंबरच्या शर्टावरून ४० नंबरपर्यंतचे साइज कसे काढायचे, कॉलर किती वाढवायची, बाही किती, आर्महोल कुठे सोडायचा. आणि ती त्यांना कॉम्प्युटरवर ते बघायला, हलवायला शिकवायची. आता ती पॅटर्नचं काम स्वतंत्र करते आणि तिचा पगार हेल्परच्या पगाराच्या दुपटीपेक्षा वर गेलाय. तो मी मेहरबानी म्हणून देत नाहीये, तिच्यामुळे जे कापड वाचतं त्यातून निघतो. तिची आई अजून विड्या वळते, पण धाकट्या बहिणीला त्यांनी विड्या वळायचं सूप हातात दिलेलं नाही.

शिक्षणाने अर्थव्यवस्था वाढते म्हणजे काय होतं हे मला यातून कळलं. कापड वाचलं, त्यातला वाटा तिला मिळाला, तिने तो साखर पेठेतल्या दुकानात आणि बहिणीच्या कॉलेजच्या फीमध्ये खर्च केला, सगळं इथेच. कुठेही नवीन इमारत बांधावी लागली नाही, रोजचा तास पण एकच लागला. फक्त तो तास वर्गात आठवीतच मिळाला असता तर सगळ्यांना मिळाला असता, माझ्या टेबलवर एकीलाच मिळाला.

भाषेचं मात्र वेगळं सांगायला पाहिजे, त्याशिवाय सोलापूरचं शिक्षण कळणारच नाही. इथे घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडे कन्नड, विजापूर वेशीकडे दखनी उर्दू. आमच्या शेजारच्या अक्का माझ्याशी तेलुगूतच बोलायच्या आणि मी मराठीत उत्तर द्यायचे, दोघींना कधी अडलं नाही. पण पहिलीतल्या पोराला अडतं. घरी तेलुगू ऐकणारं पोर मराठी शाळेत, किंवा हल्ली सरळ इंग्लिश मीडियममध्ये जातं आणि पहिली दोन वर्षं त्याला बाई काय म्हणतात हेच कळत नाही, मग ते गप्प बसतं आणि सगळे समजतात की पोर मंद आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा सगळीकडे त्यांनी पुस्तकांत टाकलेल्या, मोबाइलवर धडा उघडणाऱ्या क्यूआर कोडची चर्चा झाली. ते कोड महत्त्वाचे होतेच, पुढे राज्याच्या पुस्तकांत आले. पण त्या बातम्यांतली दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. शाळेतल्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्यांना कळत नव्हती, तेव्हा गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, ते जगाने बघितलं, पण एका मराठी शिक्षकाने पहिलीच्या पोरांसाठी त्यांची भाषा शिकणं हे आपण सोलापूरकरांनी नीट बघायला पाहिजे होतं. क्यूआर कोड सरकारी आदेशाने सगळीकडे छापता येतो. भाषा शिकायला माणूस लागतो.

आणि माणसं आपल्याकडे आहेत हो! विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, कुंभारीकडे, जिथे कामगार नेते आडम मास्तरांच्या कितीतरी वर्षांच्या लढ्यातून कामगारांची हजारो घरं उभी राहिली, २०२४ च्या जानेवारीत रे नगरची १५ हजार घरं दिली गेली, तिथे गल्लोगल्ली बारावी झालेल्या, बीए झालेल्या मुली घरात बसून विड्या वळतायत. तेलुगू येतं, मराठी येतं, मोबाइल वापरता येतो. शिक्षणात काम करणाऱ्या प्रथम संस्थेने मुंबईत आणि वडोदऱ्यात बालसखी म्हणून जे केलं होतं त्यात वस्तीतल्याच अशा तरुण मुली घेतल्या होत्या, वर्गात मागे पडलेल्या मुलांना रोज वेगळं बसवून त्यांनी वाचायला आणि बेरीज वजाबाकी शिकवली, आणि त्याचा नीट अभ्यास झाला तेव्हा मुलांचे मार्क खरंच वाढलेले निघाले. खर्च अगदी थोडा. इयत्ता बघायची नाही, येतं काय ते बघून गट करायचे, एवढी साधी रीत. आपल्या घरकुलांमधल्या मुलींना हे काम दिलं तर दोन्हीकडून फायदा आहे, पोरांना वाचता येईल आणि मुलींना विडीपेक्षा वेगळं मानाचं काम मिळेल, तेही घराजवळ, कारण सासरचे आणि माहेरचे दोघंही लांब पाठवायला तयार नसतात हे पण खरं आहे. २०२४ पासून राज्याने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली, चांगलं केलं, पण फी माफ होऊन पण मुलगी कॉलेजला पोचत नाही ती बससाठी, अंधार पडतो म्हणून, आणि ती वळते त्या विड्यांची मजुरी बंद होईल म्हणून.

नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असं एक कलम आहे. मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या कारागिरांकडे जाऊन काम बघायचं, करून बघायचं. मी ते वाचलं आणि आमच्या भागातल्या एका शाळेत गेले, मुख्याध्यापक बाईंना म्हटलं, आमच्याकडे पाठवा. पाठवली त्यांनी सातवीची मुलं, गणिताचे सर बरोबर आले.

मी पुठ्ठ्याचे छोटे पॅटर्न कापून ठेवले होते, पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या, कॉलर, आणि कापड म्हणून ब्राउन पेपरच्या पट्ट्या. कमीत कमी लांबीत कोण बसवतंय बघू म्हटलं. गट पाडले. मुलं जमिनीवर बसली आणि जी भांडणं सुरू झाली, सगळी तेलुगूत, बाही इकडे फिरव, नाही तिकडे, कॉलर मधल्या जागेत घाल. सर आधी म्हणणार होते मराठीत बोला म्हणून, मग ते पण थांबले आणि बघत राहिले. एका गटाने बाही उलटी करून मस्त बसवली होती, सगळ्यात कमी लांबी त्यांची, तेवढ्यात दुसऱ्या गटातला एक मुलगा ओरडला, हे चालणार नाही, डिझाइनचं तोंड उलटं होईल! प्रिंटचं कापड असेल तर बाहीवरचं फूल खाली डोकं वर पाय येणार, त्याचं बरोबर होतं. त्याचे वडील मागावर आहेत. मग वाद झाला की कापड प्लेन आहे की प्रिंटचं हे ताईंनी आधी का सांगितलं नाही, आणि माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक पण नेमकं हेच सांगत नाही, म्हणून मी त्यांना म्हटलं हा प्रश्न आधी विचारणं हे तुमचं काम आहे. नंतर सरांनी त्यांच्याकडून लांबीचे फरक मोजून घेतले, टक्के काढले, ८०० शर्टांना किती रुपये पडतील ते काढलं, ते सगळं मराठीत लिहिलं मुलांनी. टक्केवारीचा धडा त्यांचा झालेला होता. सर मला जाताना म्हणाले, मॅडम, मला पण हे माहिती नव्हतं.

मग जकार्डच्या जुन्या कार्डांचा एक तुकडा मी ओळखीच्या कारखान्यातून मागून आणला होता तो फिरवला. चौकटीच्या वहीत प्रत्येकाने आपल्या नावाचं पहिलं अक्षर भोकांनी काढलं. तो तास मुलांना सोडवेना.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, पण शिकलेल्या पोरांना सोलापुरात पगार कोण देणार? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. चिंचोळी एमआयडीसीत बनलेले कॅमशाफ्ट परदेशातल्या गाड्यांच्या इंजिनात जातात, प्रिसिजन या कंपनीचं काम सगळ्यांना माहिती आहे, सोलापूरच्याच बालाजी अमाइन्ससारखी केमिकल कंपनी आहे, म्हणजे इथे राहून जगाच्या दर्जाचं काम होतं हे सिद्ध झालेलं आहे. पण बाकी आम्ही बहुतेक छोटे. आणि छोट्यांचा त्रास असा की आम्ही वर्षानुवर्षं तेच डिझाइन, तोच माल, दुसऱ्यापेक्षा दोन रुपये कमी, या स्पर्धेत अडकलोय. चादरीचं तेच झालं, पानिपतचा स्वस्त माल सोलापुरी म्हणून विकला जायला लागला, जीआय असून पण गिऱ्हाइकाला फरक सांगणारं कुणी नाही, आणि आपण पण दर पाडूनच उत्तर दिलं. जिथे दर पाडूनच धंदा चालतो तिथे शिकलेल्या माणसाला जागाच नसते, तिथे फक्त स्वस्त हात लागतात.

म्हणून शिक्षण बदलायचं ते फक्त पोरांचं नाही, आम्हा मालकांचं पण. कॉस्टिंग शिकायला पाहिजे, हॉस्पिटलचे, हॉटेलचे, फॅक्टरीचे युनिफॉर्म यात काय लागतं ते शिकायला पाहिजे, फोटो काढून परदेशी गिऱ्हाइकाला मेल कसा लिहायचा ते शिकायला पाहिजे. ॲप्रेंटिस ॲक्ट १९६१ पासून आहे, छोट्या युनिटला पण ॲप्रेंटिस घेता येतात, आणि केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. हे मला कळेपर्यंत माझी किती मुलं नुसती हेल्पर म्हणून आली आणि गेली. ॲप्रेंटिस म्हणून घेतलं की शिकवावं लागतं, लिहून ठेवावं लागतं, परीक्षा असते, आणि शेवटी पोराच्या हातात कागद येतो. माझ्या वडलांकडे जो नव्हता तो.

आमच्या ओळखीतल्या काही कारखानदारांची मध्ये बैठक झाली तेव्हा मी हे सगळं मांडलं. प्रत्येक युनिटने एक शाळा घ्यायची, वर्षातले ते दहा दिवस आपल्याकडे, आणि घरकुलातल्या मुलींना शाळेत वाचन शिकवायला पाठवायचं, मानधन कमीत कमी तेवढ्या वेळात विडीतून मिळतं त्यापेक्षा जास्त. एक काका, जुने टॉवेलवाले, मला बापासारखे, त्यांनी विचारलं, अगं पण पोरं शिकली की आपल्याकडे कशाला राहतील? मी म्हटलं, काका, राहतील असा पगार द्यायला लागेल, आणि तो द्यायचा तर माल तसा बनवायला लागेल, आणि तसा माल बनवायला हीच पोरं लागतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आमच्या डिझायनरला घेऊन जा शाळेत, तो रिटायर व्हायलाय, त्याच्यानंतर ग्राफ काढणारं कुणी नाहीये आमच्याकडे.

मुलांना ने-आण करायच्या बससाठी दोघं कारखानदार तयार झालेत. दोन शाळांनी होकार दिलाय, एक मराठी, एक तेलुगू माध्यमाची. मुलींच्या मानधनाचं मात्र अजून बसलेलं नाही, आठजणी तयार आहेत आणि पैसे पाचजणींचेच जमलेत, त्यासाठी पुढच्या रविवारी परत बसणार आहोत.